समीरने सांगितलेली माझी आठवण

संकेत, भास, असल्या गोष्टी मी कायम हसण्यावारी नेल्या. आजही नेते. पण हे माझ्याच घरात, भर दुपारी घडलंय... म्हणून लिहितेय.

२०१४ साल. आम्ही सिंगापूरला सेंगकांगमध्ये बाराव्या मजल्यावर राहायचो. समीरला – माझ्या नवऱ्याला – ब्रेन ट्यूमर होता. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, तरी गाठ वाढतच होती. आधी तो पासवर्ड विसरला, मग आपला ब्लॉक, मग आमच्या ईराचं नाव. "आई, बाबा फरगॉट मी अगेन," ती येऊन सांगायची. शेवटी तो मलाही नर्स समजून "सिस्टर" म्हणायला लागला.

त्या दुपारी मी त्याला पेज भरवत होते. एकदम म्हणाला, "सिस्टर, माझे बाबा गेले तेव्हा जवळ मी एकटाच होतो."

त्याचे बाबा पुण्यात ठणठणीत होते. मला वाटलं, नेहमीसारखंच काहीतरी.

"पाणी मागत होते हो. डॉक्टरांनी द्यायचं नाही म्हणून सांगितलेलं. मी ओला कापूस ओठांवर फिरवला, तर मला 'आक्का' म्हणाले... त्यांना वाटलं, बहीण आलीय."

माझा हात तसाच थांबला. हे माझे बाबा होते! सांगलीच्या हॉस्पिटलात, माझ्या लग्नाआधी. खोलीत फक्त मी. त्यांनी मला ओळखलं नाही हे इतकं लागलं होतं, की मी आईलाही कधी बोलले नाही. समीरला तर नाहीच.

"मग... तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? 'हो, आक्काच आलीय' म्हटलं." त्याचे डोळे वाहत होते.

अगदी हेच म्हटलं होतं मी. मी त्याचा हात धरला. "समीर, मी कोण आहे?"

त्याने अवघडून हात सोडवून घेतला. "सॉरी सिस्टर... माझी मिसेस येईलच ऑफिसातून."

डॉक्टर म्हणाले, या आजारात मेंदू रिकाम्या जागा खोट्या आठवणींनी भरतो. तुम्हीच कधीतरी बोलला असाल. नाही हो!

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विषय काढला. "बाबा? ते पुण्यात असतात," एवढंच म्हणाला. मग रोज भरवताना मी वाट बघायचे, आणखी काही निघेल म्हणून. निघालं नाही. हळूहळू त्याचं बोलणंच थांबलं, आणि एका सकाळी तो गेला.

त्याला ते कुठून कळलं, मला आजही माहीत नाही. माझ्याशिवाय ती गोष्ट जाणणारं एकच माणूस जगात होतं... आणि ते मला ओळखत नव्हतं.