बक्षिसाच्या खात्यात आईचे गुडघे

नवरा दर महिन्याला पाच दिनार पाण्यात घालतो, हे मला लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात कळलं. आम्ही राहतो त्या बहरीनच्या शेजारच्या देशात एक मोठी सोडत निघते. तिचं तिकीट एकट्याला परवडत नाही, म्हणून त्याच्या ऑफिसातले दहाजण वर्गणी काढतात. निकालाच्या दिवशी दहाहीजण मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात आणि मग "इंशाल्ला, पुढच्या वेळी" म्हणत चहाला जातात. मला ते बघवत नसे. मी अकाउंटंट बाई. मीना सलमान बंदरातल्या एका गोदामात दिवसभर बिलं तपासते, एक फिल्स, म्हणजे दिनाराचा हजारावा भाग, चुकला तरी मला जेवण गोड लागत नाही. आणि माझ्याच घरात हा जुगार!

मी स्वतः बँकेच्या बक्षीस योजनेत पैसे ठेवत होते. योजना साधी. पैसे आपलेच राहतात, हवे तेव्हा काढता येतात. व्याज नाही, त्याऐवजी दर पन्नास दिनारांमागे सोडतीत एक चिठ्ठी. पैसे जितके महिने हलवायचे नाहीत, तितक्या चिठ्ठ्या वाढतात. काढले की चिठ्ठ्या गेल्या.

एका शुक्रवारी मी नवऱ्याला धडाच शिकवायचा ठरवला. झिंज वस्तीतल्या आमच्या इवल्याशा स्वयंपाकघरात तांदळाचा डबा उघडला, त्यात एक चणा टाकला आणि खळखळून हलवला.

"डोळे मीट आणि चमचाभर काढ. चणा आला तर तू करोडपती. नाही आला तर तेवढा तांदूळ गेला."

चणा कुठला यायला! मी त्याचा चमचाभर तांदूळ बाजूला ओढून घेतला. मग मी काढला. चणा मलाही आला नाही, पण माझा तांदूळ मी ऐटीत माझ्या वाटीत ठेवला.

"बघ. तू हरलास. मी हरले नाही."

आमची लेक दारात उभी होती. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. ती म्हणाली, "बट आई, यू ऑल्सो डिडन्ट विन."

"तू गप गं, अभ्यासाला बस."

साध्या मुदत ठेवीत पैसे ठेवले असते तर थोडं का होईना व्याज हातात पडलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते मी बोलले नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

तर हे माझे पैसे होते आईच्या गुडघ्यांसाठी. आई सांगलीत एकटी राहते, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. दोन्ही गुडघे पार झिजलेले. डॉक्टरांनी दिवाळीत सांगितलं की आता बदलायलाच हवेत. तेव्हापासून ती खाली उतरलीच नव्हती. भाजी शेजारीण आणून देई, आणि आईला शेजारणीने निवडलेली भाजी कधीच पसंत पडत नसे. "भेंडी बोटाएवढी हवी गं, हिनं काठ्या आणल्यात," हे मी रोज फोनवर ऐकायची.

खात्यात दोन्ही गुडघ्यांपुरते पैसे होते. दिवाळीतच होते. पण डिसेंबरात वर्षाची मोठी सोडत होती. मी आईला म्हटलं, "जरा थांब, मला बक्षीस लागू दे, मग करू." डिसेंबर गेला. मग ईदची खास सोडत आली. एवढे महिने न हलवलेले पैसे, एवढ्या चिठ्ठ्या साठलेल्या, आता काढायचे म्हणजे हातातोंडाशी आलेला घास सोडायचा, नाही का? ईदही गेली. मग उन्हाळ्यातली, मग पुन्हा दिवाळी. नवऱ्याने दोनदा विचारलं, "ऑपरेशनचं काय झालं?" मी बेधडक सांगितलं, "आईच घाबरते रे, पुढे ढकलतेय." आज लिहिताना लाज वाटते, पण सांगितलं खरं.

वर्ष उलटून गेलं. जानेवारीत एका संध्याकाळी मी पोळ्या करत होते आणि फोन स्पीकरवर होता. नवरा टेबलाशी बसून काकडी चिरत होता. आई म्हणाली, "लागलं का गं काही?"

"नाही गं. पुढच्या महिन्यात बघू."

आई दबक्या आवाजात म्हणाली, "खरं सांगू का, तू जीव काढू नकोस. तिकडे खर्च किती, पोरीची शाळा किती, मला का कळत नाही? तुझ्याकडे पैसे नाहीत हे जावईबापूंना कळू देऊ नकोस. माझ्या पाटल्या आहेत ना, त्या मोडू या. एकच गुडघा करू. एका गुडघ्यावर येईन मी खाली."

काकडीवरची सुरी थांबली. पोळी तव्यावर करपत होती.

"आई, पैसे आहेत गं," मी म्हणाले. "दोन्ही गुडघ्यांचे आहेत. पहिल्यापासून आहेत."

"आहेत?" तिला खरंच उमगेना. रागाचा लवलेश नव्हता आवाजात. "मग थांबलो कशाला गं आपण?"

फोन ठेवल्यावर नवऱ्याने गॅस बंद केला आणि शांतपणे म्हणाला, "मी पाच दिनार लावतो. तू आईला लावलंस." खात्यातला एक फिल्ससुद्धा कमी झाला नव्हता. आईचं अख्खं वर्ष तेवढं गेलं होतं, आणि ते काढून देणारी खिडकी कुठल्याच बँकेत नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून बँक गाठली. काउंटरवरची मुलगी बहरिनी, गोड आणि फार काळजी करणारी. "मॅडम, दहाच दिवस थांबा. मोठी सोडत आहे, तुमच्या चिठ्ठ्या खूप आहेत," तिने इंग्रजीत परत परत समजावलं. कर्म माझं, भरलेली स्लिप मी एकदा मागे ओढलीसुद्धा! मग म्हटलं, "खलास. सगळे काढ."

सोडत झाली त्या दिवशी मी सांगलीत होते, दवाखान्यात आईच्या उशाशी. निकाल पाहिलाच नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. पाहिला. ज्याला लागलं त्याला लागलं.

चैत्रात, मी बहरीनला परतल्यावर, सकाळी सकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. आधी नुसत्या पायऱ्या दिसल्या, मग जिन्याचा कठडा, मग तिचा हात. "तू फक्त बघत राहा, बोलू नकोस, माझं लक्ष जातं," तिने दम दिला. तिन्ही मजले मी श्वास रोखून बघितले. लेक माझ्या मांडीवर चढून बसली होती, नवरा एका पायात मोजा घालून तसाच उभा. खाली पोचल्यावर फाटकाशी भाजीची गाडी होती. आईने फोन भेंडीच्या ढिगावर ठेवला आणि आम्हाला चक्क विसरली.

पडद्यावर फक्त आभाळ दिसत होतं आणि आईचा आवाज येत होता, "ही काय भेंडी म्हणायची का रे? हलव ती, खालची दाखव." मला ऑफिसला उशीर होत होता. मी फोन कापला नाही.