वेल्हे माझे, भोर त्याचे

“थोरल्याने पैसे भरून इंटरनेटवर आपले नाव वर चढवले आणि धाकट्याचा भोरचा धंदा बसवला.” ही हकीकत नसरापूरपासून भोरपर्यंत सांगितली जाते. सांगणाऱ्यांपैकी एकानेही इंटरनेटवरची माझी नोंद वाचलेली नाही.

आम्ही दोघे भाऊ मंडपवाले. वेगळे झालो तेव्हा बांबू, कनाती वाटल्या, तशी गावेही वाटली. नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंत माझी, भोर शहर आणि त्यापलीकडचे खोरे त्याचे. दुसऱ्याच्या गावचे लग्न घ्यायचे नाही, हे कागदावर कधी लिहिले नाही. लिहावे लागले नाही.

पुढे व्यावसायिकांची यादी छापणाऱ्या एका संकेतस्थळाचा प्रतिनिधी दुकानात आला. मी पैसे भरून नोंद केली, हे खरे. धाकट्याची फुकट नोंद होती, हेही खरे. परंतु पैसे भरल्याने मनुष्य सर्वत्र दिसत नाही. शोधणाऱ्याने टाकलेले शब्द नोंदीतल्या शब्दांशी जुळावे लागतात. पैशाने वर जायचे ते जुळलेल्यांमध्येच.

पुतण्याने भोरच्या सायबर कॅफेत आम्हा दोघांना बसवले आणि ‘मंडप, पुणे जिल्हा’ एवढेच टाकले.

“बघा तात्या, काकांचं नाव पैलं. आपलं कुठं हाय?” तो बापाला म्हणाला.

“दिसतंय की. आंधळा न्हाई मी.”

“जिल्हा काढ, भोर घाल,” मी म्हणालो.

“कशाला, दादा?” धाकटा उठला. “घेतलंत की समदं. आता तोरण्यावर बी तुमचाच मंडप घाला.”

तो चपला घालून निघून गेला. पुतण्याने भोर घातले नाही. मीही दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेलो नाही. सख्ख्या भावापुढे पुरावा मांडणे मला कमीपणाचे वाटले. या एका गोष्टीत माझ्यावर ठपका ठेवायचा तर ठेवावा.

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. दोन वर्षांनी वारला. दहाव्याला गेलो. मंडप पुतण्याने घातला होता. एका कोपऱ्याची दोरी सैल होती, तिच्याकडे पाहत बसलो. लोक रडत होते. मला काही वाटले नाही, अजूनही वाटत नाही. पान वाढले, मी जेवलो, एसटीने परत आलो.

त्याचा धंदा का बसला, ते मी सांगू शकत नाही. भोरमध्ये मंगल कार्यालये झाली होती, एवढे सर्वांनाच दिसत होते. पण भावाचे गाव मी घेतले, असे म्हणणाऱ्यांनी माझ्याकडे यावे. नोंदीच्या अर्जाची प्रत कपाटात आहे. शब्दांच्या रकान्यात प्रतिनिधीने स्वतःहून ‘भोर’ लिहिले होते. ते आडव्या रेघेने खोडलेले आहे आणि खोडलेल्या शब्दाशेजारी माझी सही आहे.