नऊ ठिपके

“एक दिवस फोन दुकानात जास्त राहिला, तर काय आभाळ कोसळणार आहे?” नवऱ्याने तिसऱ्यांदा विचारलं.

“राहिल्याने नाही कोसळणार. साहेबांचा माणूस येऊन त्याला डबी जोडेल आणि आतलं सगळं उपसून नेईल, त्याने कोसळेल. कंडक्टरबाईंवर.”

“त्यांच्यावरच ना? मग तू कशाला छत्री धरतेस?”

“भाजी वाढू का अजून?”

“विषय बदलू नकोस.”

रविवारची दुपार होती. ताटं वाढलेली, पण जेवत कुणीच नव्हतं. मुलगी पेल्याच्या बुडाने ओट्याच्या फरशीवर ओली वर्तुळं काढत उभी होती.

कंडक्टरबाई बस कामगारांच्या संघटनेच्या चिटणीस. संप आठवड्यावर आलेला. फोन चार्ज होईना म्हणून शुक्रवारी त्या तो दुकानात टाकून गेल्या, आणि शनिवारी पोलीस ठाण्यातले साहेब साध्या कपड्यांत येऊन स्टुलावर बसले. “सोमवारी देते म्हणालात ना त्यांना? मंगळवारी द्या. मधे आमचा माणूस तासभर येईल.” कागद नाही, शिक्का नाही. उठता उठता म्हणाले, “मुलीच्या चारित्र्य पडताळणीची फाइल माझ्याच टेबलावर आहे. गुणी मुलगी दिसते.”

मुलीला सरकारी नोकरी लागली होती. त्या एका सहीवाचून ती अडली होती.

गल्लीत तिच्या आईला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. जिन्याखाली चार फुटांची जागा, त्यात एक टेबल, एक भिंग, एक दिवा. एकोणीस वर्षं ती लोकांचे फोन उघडत होती. फोन घेताना कागदाच्या चिटोऱ्यावर नऊ ठिपके काढायची आणि गिऱ्हाइकाकडे सरकवायची. गिऱ्हाईक ठिपके जोडून आपल्या कुलपाची खूण काढून द्यायचं. तो चिटोरा फोनच्या पाठीला चिकटवायचा आणि फोन पालथा ठेवायचा. काम चालू असताना निरोप आला, तरी उलटा करून बघायचा नाही. कॅमेरा चालतो का ते पाहायला स्वतःच्या अंगठ्याचा फोटो काढायचा आणि पुसायचा. फोन परत देताना चिटोरा गिऱ्हाइकासमोर फाडायचा.

तरी कधीतरी नजर पडायचीच. समोरच्या इमारतीतल्या एका बाईच्या फोनवर दवाखान्याचा अहवाल तिला असाच दिसला होता. ती बाई पुढे सहा महिने “जरा अशक्तपणा आहे” सांगत हिंडली आणि ही “पालेभाज्या खात जा” म्हणत राहिली. गुपितं पोटात ठेवून तिचं पोट सुटलंय, असं नवरा चारचौघांत म्हणायचा. लोक हसायचे. तीही हसायची.

“साहेबांना म्हण ना, कोर्टाचा हुकूम दाखवा,” मुलगी हळूच म्हणाली.

“ते परीक्षेत लिहायचं,” नवरा म्हणाला. “नागरिकांचा खासगीपणाचा हक्क, गुण दहा. लिहिलंस, पडले गुण. आता ते पुस्तक मिटव. आणि हे बघ, तुझी आई काही पहिल्यापासून सोवळी नाही. मास्तरांचा फोन दिला होताच की तिने.”

पेला थांबला. “कुठल्या मास्तरांचा?”

मुलीने ज्यांच्याकडे या परीक्षेची शिकवणी लावली होती, ते मास्तर. तो दहा गुणांचा प्रश्न त्यांनीच तिच्याकडून चार वेळा लिहून घेतला होता.

“आई?”

“तासभरच दिला,” ती म्हणाली. “हेच साहेब होते. मला वाटलं, रस्ता रुंदीकरणाच्या विरोधात काही लिहिलं असेल, बघतील आणि जातील. मी चहा करून दिला त्यांना.”

“म्हणून मास्तरांना बोलावलं होतं चौकीवर?”

“भावाला खासगीत लिहिलेलं त्यांना तिथे मोठ्याने वाचून दाखवलं. नंतर शिकवणीला कोण जाणार? मुलांच्या आया घाबरल्या.” तिने ताट बाजूला सारलं. “पुढचं तुझ्या बाबांनाही ठाऊक नाही. मास्तर माझ्याकडे आले होते. म्हणाले, बाई, जरा उघडून बघा, माझं आतलं बोलणं बाहेर जातंय, फोनमध्येच काही बिघाड असेल. दुसऱ्या कुणावर विश्वास नाही म्हणाले. मी भिंग लावलं. अर्धा तास त्यांच्यासमोर ब्रशने नुसती धूळ झाडत बसले. आणि सांगितलं, काही नाही मास्तर, फोन ठणठणीत आहे. ते माझे आभार मानून गेले.”

नवऱ्याने घसा खाकरला. “झालं ते झालं. आता तेच उगाळून पोरीचं नुकसान करू नकोस.”

तिने मुलीकडे पाहिलं. मास्तरांचं ऐकून ही आता बापावर उसळेल, असं तिला वाटलं होतं. मुलगी फरशीवरची वर्तुळं तळहाताने पुसत होती. पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

“आई,” ती म्हणाली, “वाईटच झालं ते. पण ते काही परत येत नाही ना. या वेळेपुरतं देऊन टाक. माझी एकदा सही होऊ दे. मग हवं तर दुकान सोड.”

“तुला पटतं हे?”

“पटण्याचं काय आहे त्यात? तीन वर्षं घासली मी. कंडक्टरबाई माझ्या कोण लागतात?”

“बघ,” नवरा म्हणाला. “पोर तुझ्यापेक्षा शहाणी आहे.”

बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती होईना. आई मुलीचा चेहरा न्याहाळत होती. त्यात रागही नव्हता, लाजही नव्हती. साहेब स्टुलावरून उठताना तिने स्वतःला भिंगाच्या काचेत पाहिलं होतं, तेव्हाही चेहरा असाच दिसला होता, सपाट.

ती उठली. उरलेली भाजी डब्यात काढली, झाकण लावलं, हात धुतले, पदराला पुसले.

“फोन मी आत्ताच कंडक्टरबाईंच्या घरी नेऊन देते,” ती म्हणाली. “दुरुस्ती तशीच राहू दे. साहेब कशाला आले होते तेही त्यांना सांगणार. तिथून मास्तरांकडे जाणार आहे. तुझी सही होणार नाही, हे धरून चाल. तुम्ही दोघं जेवून घ्या.”