तिसऱ्या रांगेचं हिवाळी पान

स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून वर्नानं ते भांडण ऐकलं, तेव्हा ती शाळकरी पोर होती. आत तिची आई आणि फेला मावशी कोबी चिरत होत्या, पण सुऱ्यांपेक्षा जिभाच जास्त चालत होत्या.

"हरलेला सामना जिंकला म्हणून लिहून पाठवलास तू कॅझला!"

"मग काय करू? क्षयाच्या इस्पितळात खाटेला खिळलाय बिचारा. आपल्या पोरांनी बेसबॉलमध्ये सपाटून मार खाल्ला, तेही कळवू?"

"अगं, खोटंच लिहायचं तर पिचर तरी दुसरा लिहायचास! आदल्या दिवशी ज्यानं अख्खा सामना चेंडू टाकले, तोच दुसऱ्या दिवशीही? त्याचा हात काय लाकडाचा आहे? कॅझनं ते स्कोअरकार्ड बघितलं आणि म्हणाला, फेला खेळातलं खोटं लिहिते, म्हणजे माझ्या छातीचंही खोटंच सांगत असणार. आता तो दूध-अंडी तोंडाला लावत नाही. झालं समाधान?"

कोबी संपला तरी मावशीची सुरी रिकाम्या पाटावर चालतच होती.

कॅझमामा त्याच हिवाळ्यात गेला. खाल्लं असतं तर जगला असता का, ते देवालाच ठाऊक. वर्नानं मात्र एक गाठ मारून घेतली: खेळाचं लिहायचं, तर झालं तसं लिहायचं.

पुढं ती दिव्यांच्या कारखान्यात लागली. नवरा केला, तो गोठलेल्या सरोवरावर मासे धरायला गेला आणि बर्फाखाली राहिला. त्यानंतर तिला उरले ते 'हेरन्स', म्हणजे आमच्या गावचा बेसबॉल संघ. पहिल्या बेसच्या मागं प्रेक्षकांच्या तिसऱ्या रांगेत तिची जागा, आणि शेजारी लॉरेन. लॉरेन पोस्टात शिक्के मारायची आणि अंपायरला असल्या शिव्या द्यायची की पाद्रीबुवा दोन रांगा सोडून बसत.

या दोघींनी 'तिसरी रांग' नावाचं एक पान काढलं. चर्चच्या तळघरात सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं, त्यावर दर शुक्रवारी. उन्हाळ्यात काय, सामने असतात, कुणीही लिहील. खरी कसोटी हिवाळ्याची. सरोवर गोठतं, मैदानावर कमरेइतका बर्फ, आणि लोकांना तर काहीतरी वाचायला हवं. मग या लिहायच्या, कॅचरच्या बायकोला जुळं झालं, शॉर्टस्टॉपला खेळणारा मेहुण्याच्या दुकानात बूट विकतोय आणि गिऱ्हाइकाला डावा-उजवा चुकीचा देतोय. शेवटी लॉरेनचं सदर, 'एप्रिलमध्ये कोण परत येणार'. ते वाचल्याशिवाय बेकरीत कुणी पाव घेत नसे.

एका वर्षी लॉरेनच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी पोट उघडलं, बघितलं आणि शिवून टाकलं. ती खाटेवरून सदर सांगायची, वर्ना टिपून घ्यायची.

"लिही, डावखुरा मिलर परत येणार. आणि मीही येणार. उशी घेऊन येणार, त्या बाकांनी माझं बूड आधीच झिजवलंय."

जानेवारीत बातमी आली. मालकानं संघ विकला. हेरन्स दक्षिणेतल्या कुठल्याशा उबदार गावी चालले, एप्रिलमध्ये इथं कुणीच येणार नव्हतं. लॉरेनचा नवरा चेस्टर यानं घरातलं वर्तमानपत्र लपवलं, रेडिओ दुरुस्तीला म्हणून शेजारी नेऊन ठेवला, आणि वर्नाला जिन्यात गाठलं.

"एक पान वेगळं काढ. एकच, तिच्यापुरतं. एप्रिलच्या नावानं ती चार घास खाते गं."

"आणि तिला कळलं तर?"

"कोण सांगणार? तू?"

वर्ना तळघरात जाऊन टाइपरायटरपुढं बसली. मैत्रिणीसाठी एवढं खोटं लिहायला बोटं तयार होती. पहिला सामना घरच्या मैदानावर, झेंडे लागणार, मेयर येणार, सगळं भराभर उतरलं. मग पहिल्या दिवशी चेंडू कोण टाकणार ते लिहायची वेळ आली. मिलर, असं लिहायला तिनं बोट उचललं, आणि रिकाम्या पाटावरची ती सुरी तिच्या कानात सुरू झाली. तिनं कागद ओढून काढला, चुरगाळला, आणि नव्यावर झालं तसं लिहिलं.

लॉरेननं ते पान शेवटपर्यंत वाचलं. चेस्टर दारात उभा होता, चुन्यासारखा पांढरा.

"मैदानाचं काय करणार?" तिनं वर्नाला विचारलं.

"मोटारी विकणाऱ्यानं घेतलंय म्हणे."

"आणि आपली बाकं?"

"भंगारात."

"मेले," लॉरेन म्हणाली. मग पानाची घडी घालत, "आता माझंही सांग. हा रोज म्हणतो, रंग सुधारलाय. तू बघ."

वर्नानं बघितलं. "एप्रिलपर्यंत नाही पोचणार तू, लॉरेन."

"चला, बरंच झालं. मी मातीखाली आणि इथं सामने चाललेत, हे काही मला खपलं नसतं."

ती हसली. पण त्या संध्याकाळपासून तिनं चमचा बाजूला सारायला सुरुवात केली, आणि पुढचा शुक्रवार तिनं पाहिला नाही. दफनभूमीतून परतताना चेस्टर सगळ्यांदेखत म्हणाला, "गाठीनं नाही मेली ती. हिनं मारली." मामा खोट्यानं गेला आणि मैत्रीण खऱ्यानं, मग यात शहाणं कोण, हे वर्नाला मरेपर्यंत उमगलं नाही.

पान मात्र तिनं बंद केलं नाही. संघ नाही, मग लिहिणार काय, असं लोक विचारत. ती लिहायची, मिलरला दक्षिणेत उकाड्याचे फोड आलेत. मैदानाच्या कुंपणावर कुलूप आहे. एप्रिलमध्ये कोण परत येणार: कुणी नाही. दर आठवड्याला तेच, तितक्याच ठळक अक्षरात. चेस्टर तिला दार उघडत नसे, तरी त्याची प्रत ठरलेली.

मार्चच्या अखेरीस तिच्या छातीतून डाव्या खांद्यात कळा येऊ लागल्या. जन्मभर खरं लिहिणाऱ्या बाईनं एवढं एक लपवलं. त्या शुक्रवारी तिनं नेहमीचा कोट चढवला, बेकरीत पानं ठेवली आणि राय धान्याच्या काळ्या पावाचा अर्धा तुकडा घेतला.

"आज तोंड उतरलंय तुझं, वर्ना," बेकरीवाली म्हणाली.

"तुझे पाव बघून. दिवसेंदिवस लहान होत चाललेत."

न्हाव्याकडं दोन, चर्चच्या दारात एक, आणि मग चढण. ती चढण त्या दिवशी ती थांबत थांबत चढली. चेस्टरच्या घरात दिवा होता, पडदा ओढलेला. तिनं दारातल्या फटीत पान सरकवलं. बाहेर राहिलेला कोपरा बर्फानं भिजतो, म्हणून तो बोटानं आत ढकलला, हातमोजा घातला आणि पाव बगलेत धरून ती घराकडं वळली.