चहाआधी आलेले अकरा गुण

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण या किश्श्यात शहाणं कोणी असेल तर तो मी नाही.

तेव्हा जळगावात आमच्या घरी ३८६ कॉम्प्युटर होता. संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी त्यावर लग्नाच्या पत्रिका जुळवून द्यायचो. दोघांची जन्मवेळ टाकायची आणि वाट बघायची. मशीन असं रमतगमत गणित करायचं की पाहुण्यांचे पोहे व्हायचे, चहा व्हायचा, कधी दुसरा चहाही व्हायचा.

मला त्याची फार लाज वाटायची. नवीन ४८६ प्रोसेसर बसवावा की नाही, यावर मी कितीतरी दिवस बायकोचं डोकं खाल्लं.

"घाई कोणाला आहे?" सुनंदा म्हणायची. "लोक बसतात, बोलतात. बरं असतं."

"अगं, त्यांचा वेळ वाचेल."

"वाचवून नेणार कुठे ते?"

 तरी मी प्रोसेसर बसवून टाकलाच. तिला कौतुकाने टर्बोचं बटणही दाखवलं. ते बंद केलं की मशीन पहिल्यासारखं हळू होतं. "असलं बटण दाबणार कोण?" असंही वर म्हणालो.

तो मिरवायचं निमित्तही लगेच आलं, माझ्या धाकट्या बहिणीचं, शोभाचं. पारोळ्याचं स्थळ आलं होतं. मुलगा तिला मनापासून आवडला होता, त्यांच्याकडचेही राजी होते. राहिली होती फक्त पत्रिका. म्हटलं, आपल्याच घरी बघू, पाहुण्यांवर छाप पडेल.

मुलाचे वडील, आबा, मुलाला घेऊन आले. खुर्चीत टेकले, जन्मवेळ सांगितली. मी बटणं दाबली आणि आत चहाला उकळी यायच्या आधीच पडद्यावर उत्तर. छत्तीसपैकी अकरा गुण. निदान अठरा तरी लागतात हो.

 आबा पडद्याकडे बघत म्हणाले, "इतलं लवकर? यानं बठ्ठं पाह्यं का?"

आता सांगा, यानं सगळं पाहिलं का असं विचारून माणूस स्वतःहून वाट काढून देत होता. मी काय म्हणावं?

"आबा, नवीन प्रोसेसर आहे. चूक होणं शक्यच नाही."

"आम्हना जोशीबुवा अर्धा दिन पाहतस," आबा चिकाटीने म्हणाले.

मी पेटलो. पुन्हा चालवून दाखवलं. अकरा. जन्मवेळ पुन्हा टाकली. अकरा. "बघा, जरासुद्धा फरक नाही," असं म्हणत मी ऐटीत मागे वळलो, तर दारात शोभा. तिचे डोळे भरले होते. मी इतका वेळ काय सिद्ध करत होतो, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. 

तेवढ्यात सुनंदा पोह्यांच्या बशा घेऊन आली. "आबा, मशीन नवं आहे, अजून रुळलं नाही. आता निवांत बघेल," म्हणाली, आणि जाता जाता तिने टर्बोचं बटण बंद केलं.

मी मुकाट्याने पुन्हा जन्मवेळ टाकली. मशीन रेंगाळलं. पोहे झाले. आमचे वडील, नाना, आणि आबा बोलत बसले, तर फैजपूरचे एक केळीवाले दोघांचेही जुने दोस्त निघाले. मग त्या बिचाऱ्यांचं सगळं खानदान निघालं. चहा झाला. मुलाने धीर करून शोभाला काहीतरी विचारलं, ती चक्क हसली. दुसरा चहा आला तेव्हा प्रिंटरमधून कागद निघाला. आबांनी तो न बघताच घडी करून खिशात घातला.

"आते बराबर पाह्यं यानं," ते म्हणाले.

तो नवा प्रोसेसर पुढे कायम बटण बंद ठेवूनच चालला. गिऱ्हाइकं खूश होती. मी मात्र अधूनमधून विचार करायचो, की इतकी वर्षं पत्रिका जुळवत होतं कोण, मशीन की चहा?

शोभाला विचाराल तर ती अजूनही सासरी सगळ्यांना सांगते, "आमच्या दादाने माझं लग्न तीनदा मोडलं. वहिनीने एका बटणात जमवलं."