पऱ्हाटीत घुसलेलं विमान

विमान शिकवणाऱ्या आमच्या शिक्षकांना मी पहिल्या दिवसापासून नको होतो. मी दिग्रसच्या मोटार मिस्त्रीचा मुलगा. याच्या हातांना ग्रीसचा वास येतो, असं ते फ्लाइंग क्लबात सगळ्यांसमोर म्हणत. मीही त्यांना मनातून शिव्या घालायचो.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. हिवाळ्यातली सकाळ होती. दोन माणसांच्या लहानशा विमानात मी पुढे बसलो होतो, ते मागे. बोरी अरब गाव ओलांडलं आणि इंजिन दोनदा खोकून बंद पडलं. समोरचा पंखा आडवा थांबला. पेट्रोलची कळ फिरवून पाहिली, काही होईना. मी नाक खाली करून वेग टिकवला.

मागे वळ, म्हणून ते ओरडले. मागे मोकळं माळरान होतं खरं, पण वळण्यातच आमची उंची संपली असती. समोर ज्वारी कापलेलं वावर दिसत होतं. शेजारच्या खळ्यावरचा भुसा आमच्याकडे उडत होता, म्हणजे उतरायला हवा तसा वाराही समोरूनच होता.

विमानाचं नाक वरखाली करायचा दांडा माझ्यासारखा त्यांच्यापुढेही होता. त्यांनी तो ओढला. नाक वर गेलं, वेग पडला, विमान थरथरायला लागलं. मी माझा दांडा दोन्ही हातांनी पुढे दाबला.

"सोडा," मी म्हणालो, "नाहीतर दोघंही मरू."

त्यांनी सोडला, आणि माझ्या मानेवर एक बुक्की मारली.

चाकं धसकटांवर टेकली. विमान उसळत बांधावरून गेलं आणि पलीकडच्या कापसाच्या पऱ्हाटीत घुसून थांबलं. आम्हा दोघांना खरचटलंही नव्हतं. माणसं काठ्या घेऊन धावत आली. त्यांच्या पुढे कापूस वेचणारी एक बाई होती. तिनेच विचारलं.

"कोनं उतरोलं हे?"

शिक्षकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मी इथंच वेचून राह्यली होती," ती मला म्हणाली. "तुले माणूस दिसत नाही काय रे?"

मला ती खरंच दिसली नव्हती. मी तसं सांगितलं. ती माझ्या पायांशी थुंकली आणि निघून गेली.

शिक्षकांनी अहवालात लिहिलं की, विमान त्यांनी सुखरूप उतरवलं आणि घाबरलेल्या विद्यार्थ्याने अडथळा आणला. क्लबाने माझं नाव काढून टाकलं. मी वडिलांच्या गॅरेजात परतलो. मी शिक्षकांना पुन्हा कधी भेटलो नाही, आणि माफही केलं नाही. त्या बाईला काय उत्तर द्यायला हवं होतं, हे मात्र मला आजही माहीत नाही.