सभेची वेळ मामा ठरवायचा

डाव्या पक्षाची भूमिका जाडजूड पुस्तकांतून ठरते, असा लोकांचा समज आहे. आमच्या गावात ती माझ्या मामाच्या सोयीने ठरायची. मामा लाँड्रीत इस्त्रीवर कामाला आणि पक्षाच्या शाखेचा सेक्रेटरी. सभेला जे हजर, त्यांचंच मत धरायचं, असा शाखेचा नियम. आणि सभेची वेळ ठरवायची मामाने. त्याने उभ्या आयुष्यात एकही तत्त्व सोडलं नाही. अडचण आली की फक्त सभेची वेळ बदलायची.

मग लाँड्रीत परदेशातून माणसं येऊ लागली आणि मालक त्यांना कमी पगारात राबवू लागला. वरून पक्षाने विचारलं: यांना बरोबरीने युनियनमध्ये घ्यायचं, की बाहेरून माणसं आणूच नका म्हणायचं? शाखेचं मत कळवा. जगातले कामगार एक, हे मामा जेवतानासुद्धा ऐकवायचा. पण धुलाईवरचे अण्णा, त्याचे तरुणपणापासूनचे दोस्त, तोंडावर म्हणाले, "इथे आपले पगार पडतायत आणि तू त्यांना पायघड्या घालणार? मग मी आणि माझी माणसं चाललो समोरच्या पक्षात." अण्णांचं अगदीच चूक नव्हतं. पगार खरंच पडत होते.

मामाने सभा ठेवली शनिवारी संध्याकाळी. नवी माणसं पक्षाची सभासद केव्हाच झाली होती, पण काम करत सगळी संध्याकाळच्या पाळीत. म्हणजे साप मरणार आणि काठीही शाबूत. मामी म्हणाली, "अहो, तुमची हुशारी मालकाला कळली तर तो तुम्हाला मॅनेजर करील."

शनिवारी बॉयलरने दगा दिला. वाफ नाही म्हणून पाळी सुटली, आणि मामा खुर्चीत टेकतोय तोच नवी माणसं दारात. कुणी जागा करून दिली नाही, तेव्हा ती भिंतीला टेकून उभी राहिली.

हात वर झाले. दोन्हीकडे सारखे. आता निर्णायक मत सेक्रेटरीचं. मामाने रिकामा पेला तोंडाला लावला, चष्मा पुसला आणि घसा खाकरून म्हणाला, "विषय गंभीर आहे. पुढच्या शनिवारी, याच वेळी..."

भिंतीजवळून एक बाई बोलली. रोज दुपारी मामा जिच्या हातात गरम इस्त्री देऊन घरी यायचा, तीच.

"भाऊ, रविवारी सकाळी ठेवाल का सभा? तुमच्यामागे इतकी कामं, आमची पाळी तुमच्या लक्षात राहत नाही. मी आठवण करत जाईन."

बोलण्यात टोमणा असता तर मामाने तो सहज परतवला असता. पण नव्हता. तिला ते खरंच वाटत होतं.

मामाचा हात तिच्या बाजूने वर गेला. अण्णा उठले, त्यांच्यामागे त्यांची माणसं उठली, आणि अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या.

घरी मामा म्हणाला, "तत्त्व राखलं."

"तुम्ही राखलं की बॉयलरने?" मामी म्हणाली. एरवी तो हसला असता.

अण्णा आता रस्त्यात दिसले की मान फिरवतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. परवा मी मामाला विचारलं, मत देण्याआधी अण्णांशी एकदा बोलला का नाहीस?

"बोललो असतो," मामा म्हणाला, "तर त्याचंच ऐकलं असतं."